हॉलीचा अर्क: बाटली उघडण्याआधी, पातेलं चढवण्याआधी

डिसेंबर आला की सोलापुरातल्या बेकऱ्यांत केकवर काटेरी कडांची दोन हिरवी पानं आणि तीन लाल मणी दिसायला लागतात. ती प्लास्टिकची हॉली. खरी हॉली आपल्याकडे झाड म्हणून येत नाही. येते ती बाटलीतून, पुडीतून नाहीतर डब्यातून. होमिओपॅथीच्या दुकानात पुष्पौषधींच्या ओळीत 'हॉली' असते, मदर टिंक्चरच्या यादीत 'आयलेक्स अक्विफोलियम' असतं, आणि ऑनलाइन मागवलेल्या वजन कमी करण्याच्या पावडरीत 'येर्बा माते' नावाने तिचीच एक बहीण असते. तिन्हींचा वापर वेगळा, धोकाही वेगळा. हातातली वस्तू नेमकी कोणती हे कसं ओळखायचं, घरी अर्क कोणाचा काढता येतो, कसा काढायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, ते इथे सविस्तर सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हॉलीची लाल फळं कोणत्याही रूपात पोटात घ्यायची नाहीत. काढा नाही, चूर्ण नाही, 'अगदी थोडीशी' नाही. यात मला कुठलीही सवलत मान्य नाही.

लेबलवर पहिलं काय वाचायचं

समोरचं मोठं नाव सोडून द्या. बाटली फिरवा आणि बारीक अक्षरातलं शास्त्रीय नाव शोधा. ते नसेल तर वस्तू परत ठेवा, कारण 'हॉली' हा शब्द फार सैल वापरला जातो.

'आयलेक्स अक्विफोलियम' लिहिलं असेल तर ती युरोपातली, नाताळातली हॉली. 'आयलेक्स पॅराग्वारिएन्सिस' म्हणजे दक्षिण अमेरिकेतली माते, जिची पानं लोक चहासारखी पितात. 'ओसिमम टेन्युइफ्लोरम' किंवा 'ओसिमम सँक्टम' दिसलं तर ती आपली तुळस. इंग्रजीत तिला 'होली बेसिल' म्हणतात आणि स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकामुळे ऑनलाइन शोधताना तुळशीच्या गोळ्या हॉलीच्या नावाखाली समोर येतात. तुळशीसाठी आठशे-हजार रुपये मोजण्याआधी अंगणातल्या वृंदावनाकडे एकदा बघा. 'अकॅन्थस इलिसिफोलियस' असेल तर ती मारांडी, कोकणातल्या खाडीकाठच्या खारफुटीत वाढणारी. तिची पानं हॉलीसारखी काटेरी म्हणून इंग्रजीत तिलाही हॉलीचं नाव जोडलं गेलं, पण कुळ पूर्ण वेगळं. हिवाळ्यात बंगल्यांच्या कुंपणाशी उंच दांड्यावर गुलाबी फुलं घेऊन उभं राहणारं 'हॉलीहॉक' हे तर जास्वंदीच्या घराण्यातलं.

नर्सरीत 'सिंगापूर हॉली' म्हणून एक छोटं, चकचकीत काटेरी पानांचं झुडूप मिळतं, बोन्सायवाल्यांचं आवडतं. ते मालपिघिया. कुंडीत शोभेला छान आहे, सोलापूरचं ऊनही सोसतं. त्याच्या पानांचा काढा मात्र करायचा नाही; ते हॉली नाहीच.

खरी हॉली इथे लावता येईल का, असंही विचारतात. नाही. तिला थंड, ओलसर हवा आणि पाण्याचा निचरा होणारी, शक्यतो आम्लधर्मी माती लागते. आपली चुनखडीयुक्त काळी माती अल्कधर्मी, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. बी किंवा रोप मागवून पैसे घालवू नका. आयलेक्स या हॉलीच्या घराण्याच्या ५०० हून जास्त जाती जगभर आहेत, त्यातल्या काही हिमालयात आणि दक्षिणेतल्या सह्याद्रीच्या ओल्या जंगलातही आहेत, पण भीमा-सीनेच्या खोऱ्यातलं हवामान हा त्यांचा मुलूख नव्हे.

झाडात असतं काय

युरोपी हॉली सदाहरित. खालच्या फांद्यांची पानं जास्त काटेरी, शेंड्याकडची बरीचशी गुळगुळीत कडांची. नर आणि मादी झाडं वेगळी, त्यामुळे फळं फक्त मादीवर. फळात सॅपोनिन गटातली द्रव्यं असतात. रिठ्याचा फेस ज्या गटातल्या द्रव्यांमुळे येतो तोच हा गट. पोटात गेली की मळमळ, उलट्या, जुलाब आणि गुंगी येते. पक्षी ती फळं खुशाल खातात, म्हणून माणसालाही चालतील हा तर्क चुकीचा आहे. मोठ्या माणसाला एखाद-दुसऱ्या फळाने फार काही होत नाही. लहान मुलाला थोड्या फळांनीही त्रास होतो, कारण उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं.

पानांचा वापर युरोपच्या लोकवैद्यकात ताप, संधिवात आणि छातीतला कफ यांसाठी व्हायचा. सुकवलेल्या पानांचा चहा करून देत. फळं जुलाबासाठी वापरत, म्हणजे विषारी परिणामालाच औषध समजत. आजच्या वैद्यकात या हॉलीला मान्य औषध म्हणून जागा नाही. तापावर आणि सांधेदुखीवर याहून खात्रीची आणि सुरक्षित औषधं आपल्याकडे आहेत, त्यामुळे अक्विफोलियमच्या पानांचा काढा घरी करण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

पुष्पौषधीतली हॉली

पुणे-सोलापूरकडे पुष्पौषधी वापरणारे बरेच लोक आहेत. या ३८ औषधांची पद्धत एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकात बसवली. हॉली त्यातलीच एक. मत्सर, संशय, द्वेष अशा मनःस्थितीसाठी ती सांगितली जाते.

ती कशी बनते ते कळलं की तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते आपोआप ठरतं. हॉलीच्या फुलांच्या डहाळ्या पाण्यात अर्धा तास उकळतात, गाळतात, त्यात तितकीच ब्रँडी घालतात. या मूळ द्रावाचे दोन थेंब ३० मिलिलिटर ब्रँडीत टाकले की दुकानातली बाटली तयार. त्यातले पुन्हा दोन थेंब पेलाभर पाण्यात. म्हणजे वनस्पतीचा अंश जवळजवळ उरत नाही. त्यामुळे फळांच्या विषाची भीती इथे नाही, आणि वनस्पतीच्या औषधी गुणाची आशाही नाही. आतापर्यंतच्या चाचण्यांत ही औषधं नुसत्या पाण्या-ब्रँडीच्या थेंबांपेक्षा सरस ठरलेली नाहीत. कुणाला थेंब घेताना मन शांत वाटत असेल तर त्याला मी अडवणार नाही. पण नैराश्याच्या किंवा झोपेच्या चालू गोळ्या त्यासाठी बंद करू नका, आणि घरात कुणी दारू सोडली असेल, तर या बाटलीत मद्य आहे हे लक्षात ठेवा.

मदर टिंक्चरचं गणित वेगळं. त्यात वनस्पतीचा खरा, दाट अर्क असतो. ते स्वतःच्या मनाने थेंब मोजून घ्यायचं औषध नाही. आणि घरी स्पिरिटमध्ये पाला भिजवून टिंक्चर करण्याचे व्हिडिओ बघून कुणी हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट आणू नये. त्यात मिथेनॉल असू शकतं, आणि मिथेनॉलने दृष्टी जाते, जीवही जातो.

माते: पिण्याजोगी बहीण

इथे मात्र सांगण्यासारखं पुष्कळ आहे. अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये माते म्हणजे आपल्याकडचा चहा. तिथले मूळ रहिवासी ग्वारानी लोक तिची पानं पूर्वापार वापरत; पुढे जेझुइट मिशनऱ्यांनी तिची लागवड वाढवली. १८२२ मध्ये सेंट-हिलेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिलं. तोडलेली पानं आधी काही क्षण ज्वाळेवरून काढतात म्हणजे ती काळी पडत नाहीत, मग वाळवतात, भरडतात आणि काही महिने मुरवतात. पानांत कॅफीन आणि कोकोत असतं ते थिओब्रोमीन, दोन्ही असतात. तरतरी येते ती त्यामुळेच.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. शक्य असेल तर धुरावर न वाळवलेली पत्ती घ्या. लाकडाच्या धुरात वाळवलेल्या पत्तीत धुरातली घातक संयुगं उतरतात. दुसरं म्हणजे, सुटी पत्ती घ्यावी. 'एक्स्ट्रॅक्ट' पावडर घ्यायचीच असेल तर आकडा नीट वाचावा. '१०:१' म्हणजे १० किलो पानांपासून १ किलो पावडर. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ५ ग्रॅम पानांचा ऐवज आला. पानात साधारण १ टक्का कॅफीन धरलं तरी कॅप्सूलमागे सुमारे ५० मिलिग्रॅम. पावडरीत कॅफीन वरून मिसळलं असेल तर हा आकडा कितीतरी वाढतो. दिवसात तीन कॅप्सूल, वर सकाळ-संध्याकाळचा चहा, असा हिशोब करून बघा. निरोगी प्रौढाने दिवसभरात सगळं मिळून ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, गरोदर बाईने २०० च्या वर. लेबलवर कॅफीनचा आकडाच नसेल तर ती पावडर नको.

आता करायची कृती. पाण्यापासून सुरुवात करू, कारण सोलापुरात खरी अडचण तिथेच आहे. बोअरच्या जड पाण्यात चहा केला की वर तेलकट तवंग येतो, कपाला काळा कड बसतो. पाण्यातलं कॅल्शियम पानातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. मातेचंही तेच होतं, चव बोथट आणि रंग गढूळ. म्हणून नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

एका माणसासाठी ३ ग्रॅम पत्ती, म्हणजे चहाचे साधारण दोन सपाट चमचे. पाणी पूर्ण उकळू द्या आणि गॅस बंद करा. उकळतं पाणी थेट पत्तीवर ओतलं की नुसता कडवटपणा उतरतो. थर्मामीटरची गरज नाही: १५० मिलिलिटर उकळतं पाणी आणि ५० मिलिलिटर गाळलेलं माठाचं पाणी एकत्र केलं की ८० अंशांच्या आसपास येतं. आधी पत्तीवर दोन चमचे गार पाणी शिंपडून ती ओलवून घ्या, मग हे पाणी ओता आणि वर झाकण ठेवा. पाच मिनिटं. या वेळात ढवळू नका. भरड बारीक असते, ढवळली की सगळा गाळ वर येतो. चहाच्या गाळणीवर मलमलचा तुकडा टाकून गाळा. आयुर्वेदात ज्याला फांट म्हणतात तो हाच प्रकार: गरम पाण्यात भिजवायचं, उकळायचं नाही. रंग हिरवट पिवळा येतो, वास ओल्या कडब्यासारखा, चव तुरट. दूध घालू नका. गूळ चालेल, पण आधी एकदा बिनगुळाची पिऊन बघा.

गाळल्यावर लगेच ओठाला लावायचं नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९१ मध्ये गरम मातेला अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संदर्भात धोकादायक गटात टाकलं होतं. २०१६ मध्ये फेरविचार झाला तेव्हा दोष पानांपेक्षा तापमानाचा ठरला: ६५ अंशांपेक्षा जास्त गरम असलेलं कुठलंही पेय, माते असो की चहा, अन्ननलिकेला घातक असण्याची शक्यता आहे. कट्ट्यावर वाफाळता चहा घोटाघोटाने घशाखाली उतरवणाऱ्या आपल्या लोकांनी ही गोष्ट मातेपुरती ठेवू नये. पाच-सात मिनिटं थांबा, जीभ पोळणार नाही इतकं निवू द्या.

उन्हाळ्यासाठी त्याहून चांगला प्रकार पॅराग्वेत आहे. तिथेही उन्हाळा कडक, म्हणून ते गार पाण्यातली माते पितात, तिला 'तेरेरे' म्हणतात. तिथल्या औषधी पाल्यांसह असलेल्या या परंपरेची युनेस्कोने २०२० मध्ये सांस्कृतिक वारशात नोंद केली. आयुर्वेदातल्या 'हिम' कल्पनेच्या, म्हणजे गार पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काच्या, अगदी जवळचा प्रकार. काचेच्या बरणीत ५ ग्रॅम पत्ती, ३०० मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी, पुदिन्याची चार पानं, वाळ्याची छोटी जुडी किंवा गवती चहाची एक पात. दोन तास फ्रिजमध्ये, मग गाळून त्याच दिवशी संपवा. पाणी उकळून गार केलेलं का, तर या कृतीत काहीच तापत नाही. नळाला रोज पाणी नसलं की ते टाकीत साठतं, आणि मे महिन्यात पोट बिघडायला तेवढं पुरतं. वाळा घातलेली ही बरणी मला गरम मातेपेक्षा कितीतरी पटींनी आवडते. दुपारी तीनच्या उन्हातून आल्यावर ती घशाखाली उतरते तेव्हा तुरटपणा हवाहवासा वाटतो.

जेवणाला लागून माते घेऊ नका. तिच्यातली तुरट द्रव्यं भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. आधीच रक्त कमी असलेल्या बायकांनी तर जेवणात आणि मातेत, आणि चहातही, तासाभराचं अंतर ठेवावंच. रक्तदाब, छातीत धडधड, ॲसिडिटी किंवा झोप न लागणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. दुपारी चारनंतर कुणीच नको. आणि वजन उतरवण्यासाठी म्हणून मातेवर विसंबू नका; भूक थोडा वेळ दबते, पोटाचा घेर मात्र त्याने उतरत नाही.

कफासाठी हॉली शोधत असाल तर अडुळसा घ्या

हॉलीच्या पानांची माहिती विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मुळात खोकल्यावर काहीतरी हवं असतं. यंत्रमागावर सुताच्या धुळीत दिवस काढणाऱ्यांना ते हवं असणं साहजिक आहे. त्यासाठी युरोपातली पानं कशाला? अडुळसा सोलापूरच्या मातीत, कमी पाण्यावर, कुंपणाला उभा असतो. शेळीसुद्धा तोंड लावत नाही म्हणून राखणही लागत नाही. त्याच्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, जे आज खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये असतं.

ओळख पक्की करा. पानं समोरासमोर, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, कडा अखंड. चुरगळलं की उग्र वास येतो. फुलं पांढरी, ओठासारखी उघडलेली, आत जांभळट रेघा. फूल बघितल्याशिवाय पहिल्यांदा पानं तोडू नका; नाहीतर मधला मारुतीच्या बाजारातल्या काष्ठौषधीवाल्याकडून सुकी पानं आणा आणि घरच्या पानांशी ताडून बघा. रस्त्याकडेची, शेतातल्या फवारणीच्या कडेची पानं घ्यायची नाहीत.

पिवळी नको, अगदी कोवळीही नको. पूर्ण वाढलेली हिरवी २० ग्रॅम पानं, म्हणजे मध्यम आकाराची सात-आठ, वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवा. हाताने तुकडे करा. काढ्याचा जुना नेम असा की मऊ द्रव्याला चौपट पाणी, मध्यमाला आठपट, कठीण मुळी-सालीला सोळापट, आणि आटवून चौथा हिस्सा ठेवायचा. पाला मऊ आहे, पण घरच्या गॅसवर चौपट पाण्यात पातेल्याचा तळ लागतो, म्हणून मी आठपट घेते: १६० मिलिलिटर. पातेलं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. झाकण नको, आच मंद. पाणी ४० मिलिलिटरवर आलं की बंद. अंदाज चुकू नये म्हणून सुरुवातीलाच पातेल्यात ४० मिलिलिटर पाणी ओतून, स्वच्छ चमच्याचा दांडा उभा धरून, ते कुठवर येतं ते बघून ठेवा. रंग हिरवा राहत नाही, तपकिरी होतो. तो बिघाड नव्हे.

गाळा, कोमट होऊ द्या, मगच अर्धा चमचा मध. २० मिलिलिटर सकाळी आणि २० रात्री, जेवणानंतर. काढा रोजचा रोज करायचा, शिळा नाही. तीन-चार दिवस घेऊन उतार नसेल तर थांबा. गरोदरपणात अडुळसा अजिबात नको, त्याने गर्भाशयाचं आकुंचन होतं. गर्भ राहण्याची शक्यता असेल तरीही नको. पाच वर्षांखालच्या मुलांना वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर रेंगाळला, थुंकीत रक्त दिसलं, संध्याकाळी ताप येऊन वजन उतरायला लागलं, तर काढा बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मागावरच्या कामगाराला आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशीच छाती आवळल्यासारखी होत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ते सुताच्या धुळीच्या आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्यावर अडुळसा पुरत नाही.

फळं तोंडात गेली तर

परदेशातून आणलेल्या खऱ्या हॉलीच्या सजावटीतलं, किंवा दारातल्या ड्युरांटासारख्या शोभेच्या झुडपाचं फळ लहान मुलाने खाल्लं, तर तोंडातलं बोटाने काढा, चूळ भरायला लावा, घोटघोट पाणी द्या. उलटी मुद्दाम काढू नका. मीठ-पाणी किंवा बोट घालून तर नकोच. किती फळं गेली, किती वाजता, हे लिहून ठेवा आणि त्या झाडाची पान-फळासह फांदी पिशवीत घालून सोबत न्या. मूल गुंगीत असेल, उलट्या थांबत नसतील, तर घरी वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा रिक्षाने थेट सिव्हिल गाठा.